नऊशे सत्तेचाळीसचा ठिपका

मी बोललेला शब्द मागे घेत नाही. माझ्या सासूबाई याला खोड म्हणायच्या. पण त्यांनीही जन्मात स्वतःचा एक शब्द मागे घेतला नव्हता, तेव्हा त्यांचं काय धरायचं.

तर झालं असं, की आमच्या इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी गळायला लागली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होते ती बैठक त्या खेपेला गच्चीवरच भरली. टाकीला बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे. ती चढून आत कोण डोकावणार यावर पाऊण तास चर्चा झाली. एकाला चक्कर येते, एकाची कंबर धरलेली, एकाचे कपडे नवे. शेवटी मला राहवेना. मी म्हटलं, आमच्या यांना चढवा. जो माणूस ऐन तारुण्यात ते समोरचं शेवटचं शिखर चढून गेला, त्याची उंची मोजून, वर दगडांचा ढीग रचून आला, त्याला ही शिडी म्हणजे पाटावर चढण्यासारखी.

आमच्या गच्चीवरून डोंगरांची ओळ दिसते. पहिला डोंगर मोठा, त्याला पायवाट आहे, वाटेत चहाच्या टपऱ्या आहेत. दुसऱ्यावरही हौशी मंडळी जातात. या दोघांच्या मागून एक काळं, वाकडं शिखर डोकावतं. त्याला वाट नाही, नाव नाही, तिकडे कोणी जात नाही. आमचे हे मोजणी खात्यात होते आणि त्या शिखराची उंची यांनी मोजली, हे इमारतीतल्या लहान मुलांनाही पाठ आहे. मीच पाठ करून घेतलंय.

तेवढ्यात नकाशेवाले हसले. ते तिसऱ्या मजल्यावरचे. त्याच खात्यात बसून नकाशे काढत होते, आमच्या यांच्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले. मोठ्याने हसले असते तर मी सोडून दिलं असतं. नाकातून हसले. म्हणाले, त्या शिखरावर खात्याचा माणूस कधी गेलेला नाही. मग खाली जाऊन नकाशाच घेऊन आले, गच्चीच्या कठड्यावर पसरला आणि बोट ठेवलं. जिथे माणूस स्वतः जाऊन उभा राहिला तिथे त्रिकोण काढायचा, जिथे नाही तिथे नुसता ठिपका, असा म्हणे खात्याचा नियम. आणि तिथे ठिपका होता. शेजारी उंचीचा आकडा, नऊशे सत्तेचाळीस.

"वहिनी, हा ठिपका आहे," ते म्हणाले. "आणि तो मी काढलाय."

मी म्हटलं, तीन रेघा ओढायचा तुम्हाला कंटाळा आला त्याला हे काय करणार. त्यावर सगळे हसले, पण नकाशेवाल्यांना लागलं. ते म्हणाले, पुढच्या बैठकीपर्यंत पुरावा आणा, नाहीतर सगळ्यांसमोर शब्द मागे घ्या. आमचे हे एवढ्या वेळात बाहीचा सुटलेला धागा ओढत उभे होते. जिन्यात मला म्हणाले, जाऊ दे गं. माणूस असा विनयशील. त्रेचाळीस वर्षांच्या संसारात मी ही गोष्ट किती जणांना सांगितली असेल, मुलाच्या लग्नात तर व्याही मंडळींना उभं करून सांगितली, पण यांनी एकदाही स्वतःहून तोंड उघडून बढाई मारली नाही. उलट मी सांगायला लागले की पाणी आणायला उठून जायचे.

मी ठरवलं. आपण दोघं जायचं, तो दगडांचा ढीग शोधायचा, फोटो काढायचा आणि नकाशेवाल्यांच्या दारावर चिकटवायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला.

हे कळल्यावर इमारतीतल्या प्रत्येकाला डोंगर चढता येतो असं निष्पन्न झालं. एकीने सांगितलं, खिशात कांदा ठेवा, साप येत नाही. दुसरी म्हणाली, कांद्याने साप येतो. तळमजल्यावरचे कवायतीचे मास्तर म्हणाले, आधी सराव, मग डोंगर. त्यांनी माझ्या पाठीवर पिशवीत आठ किलो बटाटे बांधले आणि रोज चार मजले दोनदा चढायला लावलं. तिसऱ्या दिवशी पिशवीचा बंद तुटला. तोही नेमका नकाशेवाल्यांच्या दारात. बटाटे एकेक पायरी उतरत तळमजल्यापर्यंत गेले, जसे काही त्यांना तिथे बोलावणं होतं. संध्याकाळी नकाशेवाले टोपली घेऊन दारात हजर. "त्रेपन्न सापडले, वहिनी," म्हणाले, "मोजून घ्या." मी टोपली घेतली आणि दार लावलं. त्या रात्री घरात कोणी बटाट्याची भाजी मागितली नाही.

सूनबाईने बूट आणले. पोपटी. मी म्हटलं, याच्यापेक्षा साधा रंग नव्हता का. ती म्हणाली, आई, हरवलात तर लांबून दिसाल. ही मुलगी मनाने चांगली आहे, पण बोलायच्या आधी थांबत नाही. माझ्याकडून शिकली असेल.

आता परवानगी. त्या डोंगरांवर वनखात्याची हद्द आहे आणि कागदाशिवाय आत सोडत नाहीत. कचेरीतल्या कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. वाटेचे नाव, शिखराचे नाव, जाण्याचा उद्देश. मी चौथीपर्यंत शिकलेली, अक्षर अक्षर लावत वाचते, त्यामुळे मला बारीक अक्षरातलंही सगळं दिसतं. घाईने वाचणाऱ्यांना दिसत नाही.

"शिखराचं नाव काय?" कारकुनाने विचारलं.

"नाही."

"तुम्हाला माहीत नाही की नाव नाही?"

"नाव नाही."

तो म्हणाला, नाव नसलेल्या शिखराची परवानगी देता येत नाही. मी विचारलं, मग मला तिथे अडवणार तरी कुठल्या नावाने. त्याने यावर विचार केला, आत जाऊन चहा पिऊन आला आणि म्हणाला, या शिखराला नाव नाही असा मोजणी खात्याचा दाखला आणा. गेलो मोजणी खात्यात. जिथे आमच्या यांनी चौतीस वर्षं काढली तिथे यांना कोणी ओळखलं नाही ते एक असो. तिथला माणूस म्हणाला, ज्याला नाव आहे त्याचा दाखला देतो, ज्याला नाव नाही त्याची आमच्याकडे नोंदवहीच नाही. परत वनखातं. हे म्हणाले, बघ, होणारं दिसत नाही, जाऊ दे. मी दुसऱ्या दिवशी घरून स्टूल आणि दोन किलो मटार घेऊन गेले आणि कारकुनाच्या खिडकीसमोर बसून सोलायला घेतले. बोलले काहीच नाही. अर्धे मटार झाले तेव्हा त्याने शेंगा किती राहिल्यात ते वाकून पाहिलं. पाऊण झाल्यावर त्याने अर्ज घेतला आणि शिखराच्या नावापुढे लिहिलं, नऊशे सत्तेचाळीस.

उद्देशाच्या खाली चार चौकटी होत्या. अभ्यास, सहल, चित्रीकरण, इतर. मी सांगितलं, नकाशेवाल्यांचं तोंड बंद करणे. त्याने इतरवर खूण केली. वाटेचे नाव, तिथे 'नाही' असं लिहिलं. आणि खाली छापलेलंच होतं, की परवानगीधारकाने वाट सोडून जाऊ नये. त्यावर शिक्का मारला, कागद लाल फीत बांधून हातात दिला. मी वाचलं आणि गप्प बसले. नसलेली वाट सोडायची म्हटलं तरी कशी सोडणार.

गुरुवारी पहाटेच्या बसने गेलो. पायथ्याशी वनरक्षक भेटला, त्याला बरोबर घेणं सक्तीचं होतं. तास दीड तास तो पुढे, आम्ही मागे, छान पायवाट. दुसऱ्या डोंगराच्या खांद्यावर पायवाट संपली आणि वनरक्षकही संपला. झाडाखाली बसत म्हणाला, "काकू, माझी हद्द वाटेपर्यंत. पुढे वाट नाही, तेव्हा माझी जबाबदारीपण नाही. चारपर्यंत बसतो मी इथे." आणि टोपी तोंडावर घेऊन आडवा झाला. पगार घेऊन इतकं स्पष्ट बोलणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

पुढे गुडघ्याएवढं गवत, मग कमरेएवढी झुडपं, मग डोक्यावरून जाणारं काटेरी रान. शिखर दिसायचं बंद झालं. मी यांच्याकडे पाहिलं आणि मला हे ओळखूच येईनात. घरात चष्मा कुठे ठेवला म्हणून मला विचारणारा हा माणूस एक डोळा मिटून, हात लांब करून, अंगठा उभा धरून समोर बघत होता. म्हणाले, ते वाकडं झाड आणि त्यामागचा पांढरा दगड, दोन्ही एका रेषेत ठेवायचे. रेष मोडली की आपण चुकलो. रानात शिरल्यावर झाड आणि दगड दोन्ही नाहीसे झाले, तेव्हा म्हणाले, आता खूण तू. पुढे जा, छत्री सरळ वर धर आणि मी सांगेन तशी सरक.

मोजणीत एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची काठी असते. माणूस ती घेऊन पुढे उभा राहतो आणि मागचा त्याला हलवत हलवत रेषेत आणतो. त्या दिवशी ती काठी मी होते.

"डावीकडे. अजून. एवढं नको, परत ये. छत्री सरळ. हलू नकोस."

त्रेचाळीस वर्षं ही वाक्यं आमच्या घरात फक्त मी बोलत आले. पण करते काय, रेष यांना दिसत होती. एकदा तर मला एका काटेरी झुडपाच्या मधोमध उभं केलं. मी म्हटलं, जरा शेजारी उभी राहते. तर म्हणतात, रेष शेजारून जात नाही. पाऊण तास मी अशी छत्री धरून काट्यांतून काट्यांत सरकत होते.

म्हणून शेळ्यांची वाट दिसल्यावर मी हट्टाला पेटले. झाडून घेतल्यासारखी स्वच्छ वाट, वर वर जाणारी. यांनी मान हलवली. मी म्हटलं, शेळ्यांना डोंगर तुमच्यापेक्षा जास्त कळतो. वीस मिनिटं ती वाट इतकी गुणी वागली की बोलायची सोय नाही, आणि एका कड्यावर जाऊन संपली. खाली सरळ दरी. कड्याच्या टोकाला एक शेळी उभी होती. तिने आमच्याकडे असं पाहिलं, की पाहुणे आलेत खरे पण भलत्या दिवशी. आम्ही परत फिरलो. हे काहीही बोलले नाहीत. बोलायच्या जागी न बोलायची यांची ही सवय फार वाईट.

पुढे सुटे दगड लागले. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली यायचं, म्हणजे दोनशे पावलं चढलं की शंभराची कमाई. मी बसून, हातांवर, कधी कोपरांवर चढले. तिथे उजव्या पोपटी बुटाचा तळ सुटला आणि जिभेसारखा लोंबायला लागला. यांनी परवानगीच्या कागदाची लाल फीत सोडली आणि बूट करकचून बांधला. त्या परवानगीचा तेवढाच काय तो उपयोग.

आणि मग एकदम वर काहीच उरलं नाही, नुसतं आभाळ. पोचलो. मी छत्री टेकवून श्वास घेतला आणि ढीग शोधायला लागले. पूर्वेला पाहिलं, पश्चिमेला पाहिलं. दगड होते, पण रचलेला एक नाही. मान वर केली तर समोर, एक खळगा सोडून पलीकडे, याच डोंगराचं दुसरं टोक. आमच्या टोकापेक्षा चांगलं दोन माड उंच. खालून हे आणि ते मिळून एकच दिसतं. मी म्हटलं, हे ते नव्हेच, ढीग तिकडे असणार, चला.

हे मात्र एका दगडावर बसले.

"ऐक," म्हणाले. "ढीग तिकडेही नाही."

"वाऱ्याने पडला असेल."

"मी वर कधी आलोच नव्हतो."

वारा होता, पण ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी विचारलं, मग उंची कशी मोजलीत. म्हणाले, खालून. दोन ठिकाणी दुर्बीण लावायची, कोन घ्यायचे, बाकीचं गणित. खात्यात असंच मोजतात, वर जायची गरज नसते.

"आणि मला एवढी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा समोर पाहुणे बसले होते. पाहुण्यांसमोर तुला खोटं कसं पाडू? मला वाटलं, विसरशील. दुसऱ्यांदा सांगितलंस तेव्हा त्यात दगडांचा ढीग आला." गुडघ्यावरचं कुसळ काढलं. "आणि खरं सांगू का, ऐकायला बरं वाटायचं. तू सांगायला लागलीस की मलाही वाटायचं, गेलोही असेन."

मी ज्यांना ज्यांना सांगितलं होतं ते सगळे माझ्या डोळ्यांपुढून रांगेने गेले. व्याही, विहीणबाई, दूधवाला, दातांचा डॉक्टर. त्याला तर तोंडात कापूस असताना सांगितलं होतं. रडावं की यांना छत्रीने बडवावं हे ठरेना. मग ठरलं.

"उठा," मी म्हटलं.

"कुठे?"

"वर. तुम्ही वर गेलात असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय. आता जाऊन या."

"तुझा बूट..."

"बूट माझा आहे. उठा."

खळग्यात उतरलो, चारी हातापायांवर वर चढलो. शेवटच्या खडकावर यांनी मला हात दिला की मी यांना ढकललं, याबद्दल आमचा अजून वाद आहे. वरची जागा एका खाटेएवढी. बसलो तर पाय दोन्हीकडे दरीत. हे कितीतरी वेळ खाली बघत होते. मग बोट दाखवलं. ती विहीर दिसते ना, तिथे आमची दुर्बीण होती. आणि दुसरी त्या माळावर. इथे वर सारखा ढग बसायचा. टोक दिसल्याशिवाय कोन घेता येत नाही. अकरा दिवस मी त्या विहिरीपाशी बसून होतो, पहाटेपासून डोळा लावून. साहेब म्हणाला, अंदाजाने लिही आणि चल. मी म्हटलं, नाही. बाराव्या दिवशी सकाळी ढग हलला, चहाचा कप पिऊन होईल एवढाच वेळ, तेवढ्यात घेतला.

हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं. विचारायला सवड कुठे होती, मी सांगत होते ना.

पण बैठक रविवारी होती आणि माझा शब्द माझा होता. मी दगड गोळा केले आणि ढीग रचला, गुडघ्याएवढा, खाली रुंद, वर निमुळता. दगडांच्या ढिगावर काही सन लिहिलेला नसतो. फटींत माती भरली, सावलीतलं शेवाळ खरवडून दगडांवर दाबलं. अगदी चाळीस वर्षं ऊनपाऊस खाल्लेला दिसायला लागला. यांनी हात लावला नाही, अडवलंही नाही. ढिगाजवळ उभे राहा म्हटलं तर राहिले, मी सूनबाईच्या फोनवर फोटो काढला. फोटोत यांचे डोळे खाली आहेत.

रविवारी बैठकीत सूनबाईचा फोन हातोहात फिरला. मास्तरांनी माझी पाठ थोपटली आणि बटाट्यांचं श्रेय घेतलं. फोन नकाशेवाल्यांकडे गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, फोटो बोटांनी मोठा करून पाहिला.

"ढीग जुना आहे," ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "म्हणजे माझा ठिपका चुकला. एकतीस वर्षांत माझी एक खूण चुकली नाही असं मी सांगत होतो. वहिनी, शब्द मी मागे घेतो."

मी हेच ऐकायला काट्यांत उभी राहिले होते. आता साखर वाटायला हवी होती. पण ते नकाशाची घडी घालत होते आणि ती त्यांना जमत नव्हती. ज्या माणसाने आयुष्यभर नकाशांच्या घड्या घातल्या, त्याला घडी सापडत नव्हती. इकडे आमचे हे पाणी आणायला म्हणून उठले होते. मान ताठ असलेल्या माणसाला ती खाली घालावी लागते तेव्हा कुठे दुखतं, हे या इमारतीत मला नाही कळणार तर कोणाला.

"थांबा," मी म्हटलं. "मागे घेऊ नका. ठिपका बरोबर आहे. हे तेव्हा वर गेले नव्हते, गेल्या गुरुवारी गेले. ढीग मी रचला, शेवाळही मीच लावलं. मी सांगत होते ती गोष्ट खरीच आहे. चुकली होती ती फक्त तारीख."

मास्तरांना हसू फुटत होतं, मी त्यांच्याकडे पाहिलं, ते थांबलं. नकाशेवाले हातातला नकाशा तसाच अर्धा उघडा धरून यांच्याकडे वळले. "मग एवढा नेमका कोन आणलात कसा?" त्यांनी विचारलं. "त्या टोकावर तर सदा ढग. आम्ही आत बसून म्हणायचो, अंदाजाने लिहिलं असणार."

आमचे हे दारापर्यंत गेले होते. ते परत आले, बसले आणि सांगायला लागले. विहीर, माळ, ढग, साहेब, सगळं. हळू बोलतात, मध्येच थांबतात, सांगायची काही कलाच नाही. पण सगळे पुढे सरकून ऐकत होते, आणि नकाशेवाले तर असे, की आपल्याच घरातलं काही ऐकतायत. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. सूनबाई म्हणते, दोनदा बोललात. ते धरायचं नाही.

अकरा दिवस. सांगताना पंधरा जास्त शोभले असते. पण असू दे. अकरा म्हणजे अकरा.